न्हावऱ्यापर्यंत टिकणारी कविता

"गाडीत बघू."

कुणी कवी नव्या कोऱ्या संग्रहाची प्रत हातात ठेवून "आप्पा, कसा वाटतोय?" असं विचारू लागला की आप्पा पुस्तक उघडतच नसत. तळहातावर जरा तोलत, मधल्या बोटाच्या पेरानं मुखपृष्ठावर दोनदा टकटक करत, कान तिकडे झुकवत आणि एवढंच म्हणत. कवीला वाटायचं, माणूस प्रवासात निवांतपणे वाचणार. ती गाडी कसली, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसायचं.

गाडी म्हणजे आमच्या कंपनीची बस. रांजणगावच्या एमआयडीसीत आप्पा क्वालिटीला होते आणि मी स्टोअरला. ओतकामाचे भाग त्यांच्या टेबलावर यायचे आणि ते लहानशा हातोडीनं एकेक वाजवून बघायचे. टणटणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर आत चीर आहे असं समजायचं आणि लाल रंगाचा फराटा ओढायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळं त्यांचा हात कशावरही वाजायचा. कलिंगड, चहाचा कप, सुपरवायझरच्या केबिनचं दार, काहीही. एकदा पगारवाढीच्या बैठकीत त्यांनी मॅनेजरसाहेबांचं टेबल वाजवलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "आत चीर हाय. काय मिळनार न्हाई." मिळालं नाहीच.

ही गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. तुम्ही शिरूर-दौंडकडचे असाल तर तुम्हाला आठवत असेल, त्या काळात आमच्याकडं दोन पिकं अचानक वाढली, ऊस आणि कविता. गावोगाव डीटीपीची दुकानं निघाली होती. लग्नपत्रिका छापता छापता उरलेल्या वेळात दुकानदार कवितासंग्रह छापून द्यायचा. निवृत्त मुख्याध्यापक, माजी सरपंच, तलाठी, दूध डेअरीचे सचिव, सगळ्यांची एकेक वही तयारच होती. नावात वेदना, पहाट किंवा पाऊलखुणा यांपैकी एक शब्द असायचाच. मुखपृष्ठावर अर्धा सूर्य आणि अर्धी बाई. पुण्याच्या कुणा प्राध्यापकांची प्रस्तावना, तीत हा संग्रह त्यांनी एका बैठकीत वाचून काढल्याचा उल्लेख. मग शाल, श्रीफळ, मंगल कार्यालय आणि मसालेभात.

दौंडच्या एका साप्ताहिकाचा दिवाळी अंक निघायचा. त्यात दोन तालुक्यांतल्या वर्षभराच्या नव्या संग्रहांचा आढावा असायचा आणि तो आप्पा लिहायचे. संपादकांनी आधी कॉलेजातल्या सरांना विचारलं होतं. सरांचाच संग्रह त्या वर्षी निघाला होता, म्हणून काम आप्पांकडं आलं आणि त्यांच्याकडंच राहिलं.

आता त्यांची पद्धत सांगतो. आमची बस भांडगावहून निघायची. चौफुला, केडगाव, पारगाव, मग भीमेचा पूल, पलीकडं न्हावरा आणि शेवटी रांजणगाव. पहिली पाळी सुटली की दुपारच्या उन्हात त्याच रस्त्यानं उलट यायची. सकाळी आप्पा काही वाचत नसत. म्हणत, "सकाळी मानूस झोपलेलाच असतो. त्यात कवितेचा काय दोष?" परतीला मात्र गाडी गेटातून बाहेर पडली की ते पुढच्या सीटपाशी उभे राहायचे, दांडीला पाठ टेकवायचे आणि पिशवीतून पुस्तक काढून मोठ्यानं वाचू लागायचे. आवाज सपाट. चढवायचा नाही, पाडायचा नाही, हात हलवायचा नाही. "सुरात म्हनलं की रेशन कार्डबी ग्वाड लागतं," हे त्यांचं मत.

ऐकणारे म्हणजे आम्ही. आठ तास भट्टीपुढं, मशीनपुढं, गोडाऊनमध्ये राबून आलेली माणसं. पोटात कँटीनचा भात, खिडकीतून गरम वारा. आम्ही झोपायचो. कुणाच्या कवितेला किती माणसं कुठवर जागी राहतात, हे आप्पा वाचता वाचता बघत राहायचे. दिवाळी अंकात मग छापून यायचं, "हा संग्रह न्हावऱ्यापर्यंत टिकतो." किंवा, "संग्रह पुलापर्यंत आला, पण पूल ओलांडू शकला नाही." एका निवृत्त प्राचार्यांच्या खंडकाव्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "कंपनीच्या गेटातून बाहेर पडला नाही." प्राचार्यांनी त्यांच्यावर लेख लिहिला. आप्पांनी तोही गाडीत वाचला. तो केडगावपर्यंत टिकला. "ह्यांनी गद्यच लिव्हावं," आप्पा म्हणाले.

आमच्या गाडीत मिश्राजी म्हणून एक वेल्डर होते, उत्तर प्रदेशातले. त्यांना मराठी बेताचंच समजायचं, पण आप्पांना त्यांचं फार कौतुक. एखाद्या कवितेला मिश्राजी डोळे उघडे ठेवून बसले की आप्पा थांबून विचारायचे, "मिश्राजी, कैसा था?" मिश्राजी मान हलवायचे, "अच्छा था. समझा नहीं." आप्पा आमच्याकडं वळून म्हणायचे, "बघा. समजलं न्हाई तरी मानूस जागा ऱ्हायला. म्हंजी आत काहीतरी हाय."

पुस्तकाला नेहमी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं असायचं आणि आतलं नावाचं पानही त्यातच दुमडलेलं असायचं. कवी शिरूरचा की दौंडचा, सवर्ण की दलित, बाई की बुवा, आपला की परका, हे निकाल लागेपर्यंत कुणाला कळता कामा नये. आप्पांनाही नाही. टपालानं आलेले काय, हातात मिळालेले काय, सगळे संग्रह त्यांच्या खुटबावच्या घरी जमायचे, कव्हरं त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, घालायच्या आणि रोज एक पुस्तक डब्यासोबत पिशवीत ठेवायच्या. आधी चाळून बघायचं नाही, पहिलं वाचन गाडीतच, हा आप्पांचा नियम. "मालाला आदी हात लावला की मन बसतं," म्हणायचे.

ही पद्धत कवींच्या कानावर गेल्यावाचून कशी राहील? न्हावऱ्याकडचे एक पोल्ट्रीवाले होते, प्रेमकविता लिहायचे. त्यांचा संग्रह निघाला तेव्हा त्यांनी आमच्या ड्रायव्हरमामांना गाठून चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटावर उकडलेल्या अंड्यांची दोन घमेली घेऊन स्वतः हजर झाले. "कामावरनं दमून येता, खावा," म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. नेमका त्या दिवशी पिशवीतून त्यांचाच संग्रह निघाला. पोटभर खाल्लेला माणूस जागा राहील, ही चूक फक्त कवीच करू शकतो. गाडी हायवेला लागायच्या आत सगळे आडवे. आप्पा वाचतायत, पोल्ट्रीवाले एकेकाच्या तोंडाकडं बघतायत आणि मिश्राजी घोरतायत. न्हावऱ्याला स्वतःच्या घरापाशी उतरताना ते कळवळून म्हणाले, "आप्पा, निदान अंड्यांचा तरी उल्लेख करा." आप्पांनी केला. "संग्रहापेक्षा अंडी सरस" असं छापून आलं.

माझं काय झालं ते तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगतो. माझाही संग्रह निघाला होता. नावात वेदना, पहाट आणि पाऊलखुणा, तिन्ही शब्द होते. आप्पांनी तो वाचला तेव्हा मी पाचव्या सीटवर कान टवकारून बसलो होतो. पहिली कविता मी ओळखली. दुसरीही. त्यानंतरचं मला आठवतं ते एकदम मामांनी चौफुल्याला मारलेला ब्रेक. मी स्वतःच्याच कवितेला झोपलो होतो. आप्पांनी आढाव्यात माझ्याबद्दल एकच वाक्य लिहिलं, "कवी प्रामाणिक आहे." मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यानंतर मी रविवारी सायकल काढून त्यांच्या घरी खुटबावला जाऊ लागलो.

त्या घरात दोन वर्षं एकच विषय चालू होता. वहिनी अंगणवाडी सेविका होत्या. पोरं सांभाळत, खिचडी शिजवत त्यांनी मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलं होतं आणि मुख्यसेविकेची परीक्षाही पास केली होती. मुख्यसेविका म्हणजे पंचवीस-तीस अंगणवाड्यांची देखरेख, हातात फाइल आणि नावापुढं मॅडम. पण जागा निघाली ती नदीपलीकडं, शिरूर तालुक्यात. एकदा त्यांनी नकार कळवला होता. नंतर पुन्हा विचारणा झाली होती. तिसऱ्यांदा कुणी विचारत नसतं.

"भावजी, तुमीच सांगा ह्यांना," चहाचा कप पुढं करत वहिनी म्हणाल्या. "जाऊ का म्हनून इचारलं की बघू म्हंत्यात. ह्यांची कंपनी शिरूरपासनं जवळ. पोरीला तिथं हायस्कूल हाय. मग आडतंय कुठं?"

मीही आप्पांकडं बघितलं. खरंच अडत कुठं होतं?

"घर कुनी बघायचं? शेळी हाय," आप्पा म्हणाले.

"शेळीनं आडवलं व्हय तुमाला?"

मग आप्पा खरं बोलले. "शिरूरला ऱ्हायलो तर गाडी जाती. शिरूर ते रांजनगाव म्हंजी बसलं न्हाई तवर उतरायचं. तेवढ्यात चारोळीबी व्हत न्हाई. मग दोन तालुक्यांच्या कवितेचं काय व्हनार?"

हसू नका. माणूस मनापासून बोलत होता. अख्ख्या कंपनीत त्यांना कुणी विचारत नव्हतं, भावकीत विचारत नव्हतं. पण दिवाळीच्या आधी दोन तालुक्यांतले शाल पांघरलेले लोक त्यांच्या एका ओळीला टरकून असायचे. ही ओळ त्या गाडीत तयार होत होती. आणि त्या ओळीपायी घरातल्या बाईची नोकरी पिशवीतल्या पुस्तकासारखी गुंडाळून ठेवली होती, हे मला दिसत होतं. मला आप्पा फार आवडायचे, पण त्या दिवशी त्यांची चीड आली.

"कवितेचं काय व्हायचं ते व्हईल," वहिनी म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या. आप्पांनी रिकाम्या बशीवर टकटक केलं.

त्यानंतर मे महिन्यातली एक शनिवारची दुपार. गाडी गेटातून निघाली. आप्पा उभे राहिले, पिशवीतून पुस्तक काढलं. पातळ होतं, चाळीसेक पानांचं. नेहमीप्रमाणं तोलून, वाजवून बघितलं आणि सपाट आवाजात सुरू केलं.

"आमच्या घरी रोज
भाकरीची तपासणी होते.
मधल्या बोटाचं पेर
दोनदा पाठीवर वाजतं.
पास झाली की माणूस जेवतो.
करणारीचा हात भाजला का,
हे वाजवून बघायची हातोडी
अजून आली नाही."

'पेर' या शब्दाला आप्पा अडखळले. आम्ही त्यांना अडखळताना कधी बघितलं नव्हतं. मी सीटवर सावरून बसलो. मागं कुणीतरी शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. तेवढ्यात मिश्राजी म्हणाले, "आप्पा, ये तो आप ही हो."

गाडीत हशा फुटला. शेवटच्या सीटवरची पोरं शिट्ट्या मारू लागली. मामा आरशातून मागंच बघत होते. आप्पांचे कान लाल झाले होते. पुस्तक मिटून पिशवीत टाकणं त्यांच्या हातात होतं. दुसऱ्या कुठल्याही माणसानं टाकलं असतं.

"मधी बोलायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "तपासनी चालू हाय."

आणि पान उलटलं.

"दोन तालुक्यांतल्या बाया
काय लिहितात
ते ह्यांना माहीत.
चुलीपुढची एक राहिली.
तिचं पुस्तक
निघालं नव्हतं ना."

आता हसणं जरा कमी झालं. न्हावरा कधी आलं ते कुणाला कळलं नाही. तिथं उतरणारे दोघं उतरले, पण खिडकीखाली उभे राहून ऐकू लागले. मामांनी इंजीन चालू ठेवून गाडी थांबवून धरली. आप्पांनी पुढची कविता वाचली.

"कवितेला गाडी झोपली की
हे घरी येऊन सांगतात,
अमक्याचा संग्रह पडला.
मी बोलायला लागले की
हे झोपतात.
माझं काय पडतं?"

खरं सांगतो, त्या वेळी मला आप्पांच्या तोंडाकडं बघवलं नाही. त्यांचा आवाज तसाच सपाट होता. दुसऱ्यांच्या पुस्तकांना लावलेला नियम त्यांनी स्वतःवर तसाच चालवला. एक शब्द गाळला नाही, एक ओळ उडी मारून ओलांडली नाही. शेळीची कविता वाचली, सासूच्या दुखण्याची वाचली, अंगणवाडीतल्या एका हडकुळ्या पोराची वाचली. त्या पोराच्या कवितेला मामांनी रुमाल काढला. पारगाव गेलं, केडगाव गेलं. शेवटचं पान चौफुल्याच्या पुढं आलं.

"जाऊ का, विचारते.
बघू, म्हणतात.
विचारते. बघू.
आता विचारत नाही.
सोमवारी मी पूल ओलांडते.
लेकीचा दाखला काढला.
शेळी जावेला दिली.
एक ताट मांडणीवर ठेवलंय,
एक घेऊन चाललेय.
माणसानं कुठं जेवायचं
ते माणसानं बघावं."

आप्पांनी पुस्तक मिटलं. भांडगाव येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. घोरलंही नाही.

शेवटच्या थांब्यावर मामांनी इंजीन बंद केलं. रिवाजाप्रमाणं इथं निकाल सांगायचा असे. आप्पा दांडीला धरून उभे होते.

"झोपलं हुतं कुनी?"

"न्हाई, आप्पा."

"खरं सांगा. माझ्या तोंडाकडं बघून सांगू नका."

"एकबी न्हाई," मामा म्हणाले. "मीच तेवढा झोपलो असंन, गाडी कशी चालवली ते आठवंना."

आप्पांनी मग वर्तमानपत्राचं कव्हर काढलं. पुस्तकाचं नाव होतं ‘तवा उतरवून आले’. खाली वहिनींचं नाव, आडनाव माहेरचं. केडगावच्या डीटीपीवाल्याकडं बचत गटातल्या बायकांनी मिळून छापून घेतलं होतं. इतरांच्या पुस्तकांना कव्हरं घालता घालता वहिनींनी त्या दिवशी स्वतःच्या पुस्तकाला घातलं आणि डब्यासोबत ठेवून दिलं. घरात सांगितलं असतं तर ऐकता ऐकता आप्पांना डुलकी लागली असती. गाडीत ते उभ्यानं ऐकतील आणि मधेच थांबणार नाहीत, हे वहिनींइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

खुटबावच्या रस्त्यानं आप्पा सायकल हातात धरून चालत निघाले. मीही त्यांच्यासोबत चालू लागलो. गाव मागं पडल्यावर म्हणाले, "भाकरी मी वाजवून बघतो?"

"आप्पा, मी जेवायला होतो तेव्हाही वाजवली होती तुम्ही."

"मला ठावंच न्हाई. हात वाजवतो. मला काय म्हाईत."

कालव्यापाशी ते थांबले. "तिचं... चांगलं हाय का हो?"

"आप्पा, गाडी जागी होती."

"गाडीचं सोडा," ते जवळजवळ ओरडले. "तुमाला काय वाटलं ते सांगा."

इतक्या वर्षांत त्यांनी गाडीबाहेर कुणाचं मत विचारलं नव्हतं. मी सांगितलं की मला माझी कविता फाडून टाकावीशी वाटली. ते म्हणाले, "त्येला पुस्तक कशाला पायजे हुतं?" आणि सायकलवर टांग मारून निघून गेले. मला त्या अवस्थेतही चिमटा काढायला ते विसरले नाहीत, याचं मला बरं वाटलं.

सोमवारी सकाळी भांडगावला गाडी उभी होती. आप्पा आले नाहीत. मामांनी उगाच टायर बघितले, आरसा पुसला, पाच मिनिटं काढली. मग निघालो. मंगळवारीही नाहीत. गाडीत दोन तट पडले. वहिनी एकट्या गेल्या आणि आप्पा घरात तोंड लपवून बसलेत, असं काहींचं म्हणणं. आप्पांनी वहिनींना जाऊच दिलं नाही आणि घरात भांडण पेटलंय, असं इतरांचं. मी धास्तावलो होतो. पहिलं खरं निघालं तर माणूस एकटा पडणार होता, दुसरं निघालं तर मला त्याच्याशी पुन्हा बोलता येणार नव्हतं.

बुधवारी सकाळी आम्ही कंपनीच्या गेटावर उतरत होतो. शेजारी शिरूरची गाडी येऊन लागली. तीतून माणसं उतरली आणि सगळ्यांत शेवटी डब्याची पिशवी सावरत आप्पा उतरले.

आमच्या गाडीतून अशी काही आरोळी उठली की गेटावरचा वॉचमन खुर्चीवरून उठला. मिश्राजींनी धावत जाऊन आप्पांना मिठी मारली. आप्पा चारचौघांत असे अवघडले की काय सांगू.

"दोन खोल्या घेतल्यात भाड्यानं," ते मला म्हणाले. "आईला बी आनलंय. शेळी तिनं जावंला दिली हुती ना? ती मी परत मागून टेंपोत घालून न्हेली. म्हनलं, समदंच तुझं ऐकायचं म्हंजी काय?"

त्या दिवशी दुपारी पाळी सुटल्यावर आमची गाडी डावीकडं वळली आणि त्यांची उजवीकडं. पुढची दांडी मोकळी होती. मंडळींच्या आग्रहाखातर मी एक संग्रह घेऊन उभा राहिलो. पहिल्या पानाला सगळे झोपले. मिश्राजी तेवढे जागे होते. म्हणाले, "बैठ जाओ भाई, गिर जाओगे."

दिवाळी अंकातला आढावा त्या वर्षी अर्धाच आला. खाली टीप होती, "मेनंतरच्या संग्रहांची तपासणी झालेली नाही." वहिनींच्या पुस्तकाबद्दल आप्पांनी लिहायचं नाकारलं. घरच्या मालाची तपासणी घरच्यानं करू नये, हा क्वालिटीचा नियम. ते वाक्य आम्ही गाडीवाल्यांनी मिळून लिहिलं, "संग्रह भांडगावपर्यंत टिकला. पुढं रस्ता नव्हता." त्यावर अर्थातच गदारोळ झाला. बायकोला पहिला नंबर दिला, असं शाल पांघरलेले लोक म्हणाले. पण पुढल्या वर्षी आढावा आलाच नाही, तेव्हा तेच लोक हवालदिल झाले. पोल्ट्रीवाल्यांचा दुसरा संग्रह निघाला होता. ते मला चौफुल्याला भेटले. "सगळे चांगलंच म्हंत्यात हो," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "आता वाईट म्हनायलाबी कुनी ऱ्हायलं न्हाई."

पुढं आमची कंपनी दुसऱ्याच मालकाकडं गेली, गाडी बंद झाली, ज्याच्या त्याच्याकडं मोटारसायकल आली. आप्पांनी मुदतीआधीच नोकरी सोडल्याचं कानावर आलं. माझी आणि त्यांची गाठ बरीच वर्षं पडली नाही.

मग एकदा माझ्या धाकट्या सुनेला शिरूरला सोडायला गेलो. ती नव्यानं अंगणवाडी सेविका झाली होती आणि पंचायत समितीच्या हॉलमध्ये त्यांचं प्रशिक्षण होतं. तिला आत सोडून मी बाजारात चक्कर मारली आणि जेवणानंतर परत आलो तर कार्यक्रम संपायचा होता. दारातून आत डोकावलो. स्टेजवर वहिनी उभ्या होत्या. केस पिकले होते, चष्मा लागला होता. हातात सरकारी परिपत्रक होतं आणि कुपोषित बालकांच्या वजनाचे निकष त्या एकामागून एक वाचत होत्या. खाली दोनेकशे बायका बसल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक झोपल्या होत्या. माझी सून पहिल्या रांगेत झोपली होती. स्टेजवरचे प्रकल्प अधिकारी हनुवटीला हात लावून झोपले होते. पंखा गरगरत होता.

शेवटच्या बाकावर एक म्हातारा माणूस ताठ बसला होता. मांडीवर डब्याची पिशवी, नजर समोर, ओठ थोडे उघडे. मी हळूच जाऊन खांद्यावर हात ठेवला. आप्पांनी वळून बघितलं, ओळखलं, डोळे भरून हसले.

"चला आप्पा," मी कुजबुजलो. "चहा घेऊ. किती वर्षांनी भेटतोय."

त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं आणि पुन्हा स्टेजकडं बघू लागले.

"थांबा जरा. हिचं व्हायचंय अजून."

मी बसलो. सहा महिने ते तीन वर्षे वयोगटापर्यंत मी ऐकलं. पुढं मला झोप लागली. जागा झालो तेव्हा आप्पा तसेच ताठ बसले होते आणि वहिनींनी परिपत्रकाचं दुसरं पान उलटलं होतं.